चांगल्या भावाला काय हवं आहे?

प्रश्न असा आहे: "मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. जुळ्या भावांवर अद्भुत कादंबरी लिहितो आहे. त्यांची नावं उजास आणि तिमिर. राज्याच्या हव्यासापायी तिमिर काळ्या विद्येच्या नादी लागतो आणि उजास त्याला अडवतो. १४० पानं झाली. ज्यांना वाचायला दिली ते सगळे म्हणतात की तिमिर खरा वाटत नाही, एकदम बदलतो. त्याला आणखी भयंकर कसं करू? शिवाय आपल्याकडे ना बर्फाचे डोंगर, ना मोठमोठे किल्ले. मग अद्भुत जग उभं कसं करायचं? आणि भाषा झाडीबोली ठेवू की प्रमाण?"

भाऊ, मी सत्तावीस वर्षं पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटकं लिहितो आहे. गेली दहा-बारा वर्षं आपल्या भागातल्या नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचतो. त्यामुळे दोन भावांच्या भांडणाच्या गोष्टी मी लिहिल्या त्याहून जास्त वाचल्या आहेत. तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं देतो, पण पहिला प्रश्न थोडा सरकवून.

तुमचे वाचक तिमिरबद्दल तक्रार करतात, पण दुखणं उजासमध्ये आहे असं मला वाटतं. तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी परत वाचा. तिमिरला राज्य हवं आहे. उजासला काय हवं आहे? त्याला तिमिरला अडवायचं आहे. म्हणजे त्याला स्वतःचं असं काही नकोच. ज्याला काहीच नको अशा माणसाशेजारी ज्याला काही हवं आहे असा माणूस उभा केला, की तो आपोआप हावरट दिसतो. मग त्याचं हवंसं वाटणंच पाप ठरतं आणि लेखकाला त्या पापाचं कारण सापडत नाही. कारण सापडत नाही म्हणून तो काळा झगा, कवट्या, डोळ्यांतली लाली असं काही काही आणतो. वाचकाला 'एकदम बदलला' असं वाटतं ते यामुळे. त्याला आणखी भयंकर केलं तर हेच वाढेल.

आधी एक गोष्ट कबूल करतो. सगळ्या कादंबऱ्यांना हे लागू नाही. तुम्ही आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहीत असाल, तर एक भाऊ सरळ दुष्ट असला तरी चालतं. त्या वयाला राक्षस हा राक्षसच हवा असतो. तीन खंडांची मोठी कथा असेल, तर पहिल्या खंडात तिमिर फुटलाच पाहिजे असंही नाही. तुमच्या प्रश्नावरून मला वाटलं की ही मोठ्यांसाठीची, एका खंडाची कादंबरी आहे. तेच धरून पुढे लिहितो. तसं नसेल तर यातलं थोडं तुम्हालाच वजा करावं लागेल.

आता मला हे कळलं कसं ते सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी नागभीडकडच्या एका गावात मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेनिमित्त, माझ्या नाटकाचा प्रयोग होता. गोष्ट आपली नेहमीची: दोन भाऊ, आई आणि पाच एकर शेत. धाकटा खोटे कागद करून शेत आपल्या नावावर करतो. खलनायक बोलायला लागला की आपल्याकडे लोक किती मोठ्यानं शिव्या देतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या शिव्या मिळाल्या की नट खूश आणि लेखकही खूश. पण त्या नाटकात नायकाला कपडे बदलायला वेळ कमी पडत होता, म्हणून मी धाकट्याच्या तोंडी सहा-सात वाक्यं वाढवून दिली होती. केवळ वेळ भरायला. तो म्हणतो, "माय बिमार होती तवा दादा कुठं होता? औषधाचा पैसा कोनं आनला? सावकाराच्या दारात कोन बसला? तवा हे शेत कोनाचं होतं?" त्या रात्री या वाक्यांवर मंडप गप्प झाला. एकही शिवी आली नाही. पहाटे नाटक संपल्यावर एक म्हातारे बाबा रंगपटात आले आणि मला म्हणाले, "गुन्हा केला त्यानं, पर खोटा नाही बोलला."

त्या वाक्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. गुन्हा करणारा खरं बोलत असेल तरच तो माणूस वाटतो. दुसरी गोष्ट मला बऱ्याच दिवसांनी उमगली. त्या प्रश्नांना थोरल्याकडे उत्तरच नव्हतं. तो खरोखरच कुठं होता? मी ते कधी ठरवलंच नव्हतं. तो चांगला होता एवढंच मला पुरलं होतं. पुढच्या हंगामात मी थोरल्याला एक हवंसं दिलं. त्याला गाव सोडून शिकायला जायचं होतं, आणि आईच्या आजारपणात तो आपल्या परीक्षेला गेला होता. नाटक तेच, नट तेच. पण आता शेवटच्या प्रवेशात दोघं समोरासमोर आले की लोक दोघांसाठीही रडत होते.

तर तुमच्या उजासला काहीतरी हवं असू द्या. आणि जमलं तर ते तिमिरला हवं आहे तेच असू द्या. जुळ्यांच्या गोष्टीची खरी ताकद यातच आहे. दोघं एका पोटात नऊ महिने राहिले, एका वेळी भुकेले झाले, एका वेळी आजारी पडले. त्यांना वेगवेगळं हवं असण्यापेक्षा एकच हवं असणं जास्त साहजिक आहे. फूट पडते ती पुढच्या पायरीवर: ते मिळवण्यासाठी कोण काय द्यायला तयार आहे, आणि कोणाच्या खिशातून.

ही पायरी कशी लिहायची? इथं तुमचा दुसरा प्रश्न येतो, आपल्याकडे काही नाही असं म्हणता तो. तुमच्या जिल्ह्यात पवनीचा परकोट आहे, चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट अजून शहराभोवती उभा आहे, मेळघाटात गाविलगड आणि नरनाळा आहेत. किल्लेच हवे असतील तर ते आहेत. पण मला विचाराल तर तुमच्या कादंबरीचं राज्य किल्ल्याभोवती नको, तलावाभोवती हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा मुलूख तलावांचा आहे. ज्यांना आपण आज मामा तलाव म्हणतो ते माजी मालगुजारी तलाव गोंड राजांच्या काळापासून इथं बांधले गेले आणि कोहळी समाजानं त्यात आपली अक्कल ओतली. नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून बघा. धानाच्या देशात ज्याच्या हातात तलावाचं दार, त्याच्या हातात राज्य. यापेक्षा खरं सिंहासन तुम्हाला परक्या गोष्टींत मिळणार नाही.

आता अशी कल्पना करा. ही मी तुम्हाला उसनी देतो, आवडली तर घ्या. दोन्ही भावांनी पाण्याची राखण करायची शपथ घेतली आहे. एका वर्षी रोवणी होते आणि पाऊस दडी मारतो. बांध्यांना भेगा पडतात. तलावात गुडघाभर पाणी. तलावाच्या तळाशी काहीतरी जुनं आहे, ज्याचं नाव गावात कोणी घेत नाही. ते तिमिरला एका रात्री सांगतं: तलाव भरून देतो, पण पाणी कुठून तरी आणावं लागेल. तिमिर विचारतो, कुठून? ते म्हणतं, शिवेपलीकडून. तो हो म्हणतो. सकाळी तलाव पाळीला लागलेला असतो. गाव तिमिरला खांद्यावर घेऊन नाचतं. दिवाळीला घराघरात नवा तांदूळ येतो. आणि त्याच हंगामात पलीकडच्या गावाची विहीर खडखडीत कोरडी पडते, तिथली ढोरं मरतात, माणसं पोटापाण्यासाठी बाहेर जातात.

इथं माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. त्या तांदळाचा भात उजासनंही खाल्लेला असला पाहिजे. पाणी कुठून आलं हे त्याला माहीत नव्हतं, असं लिहून त्याला सोडवू नका. अर्धवट माहीत होतं असं लिहा. त्या रात्री भाऊ अंथरुणात नव्हता हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं विचारलं नाही, कारण आई दोन दिवसांची उपाशी होती. आता तिमिरचं काळं होणं एकट्या तिमिरचं राहत नाही. पुढच्या वर्षी तिमिर पुन्हा तळाशी जातो तेव्हा उजास त्याला अडवतो, आणि तिमिर एकच वाक्य बोलतो: "मागच्या साली काहून नाही अडवलास?" हे वाक्य लिहिता आलं की तुमचा तिमिर खरा झाला. त्याला कवटी लागणार नाही.

अद्भुत कथेत विद्येला किंमत असावी, हे तर सगळेच सांगतात. मी त्यात एवढंच घालतो की ती किंमत कोण मोजतो ते दाखवा. आपल्याकडे याचं मोठं जुनं रूप आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, गावोगाव मारबतीचा पुतळा काढतात आणि 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' असं ओरडत तिला शिवेबाहेर नेऊन टाकतात. नागपुरात काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते. लहानपणी मीही त्या मिरवणुकीत गळा फाटेस्तोवर ओरडलो आहे. पण मोठं झाल्यावर एक प्रश्न मनात आला तो कायमचाच राहिला: आपली पिडा आपण शिवेबाहेर टाकतो, पण आपल्या शिवेच्या बाहेर तर दुसऱ्याचं गाव असतं. तुमच्या काळ्या विद्येचा नियम या एका प्रश्नातून बांधता येईल. ती विद्या काही निर्माण करत नाही, फक्त सरकवते. दुःख इकडून तिकडे, पाणी तिकडून इकडे. वाचकाला हा नियम एकदा कळला की पुढं प्रत्येक चमत्काराच्या वेळी तो स्वतःच विचारेल, आता हे कुठून आलं? ही धास्ती तुम्हाला वर्णनानं निर्माण करता येणार नाही.

याच ठिकाणी एक गंभीर गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी हस्तलिखितं वाचताना वारंवार सांगतो. काळी विद्या शिकवणारा म्हणून गावाबाहेरची एकटी म्हातारी किंवा जंगलातला भुमका आणू नका. तुम्ही आणलाच आहे असं मी म्हणत नाही, पण दहातल्या सात हस्तलिखितांत तो असतोच. आपल्या भागात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, माणसं जिवानिशी गेली आहेत, कुटुंबांना गाव सोडावं लागलं आहे. महाराष्ट्राला २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. तुमची कादंबरी ज्या गावात वाचली जाईल त्या गावात अशी एखादी म्हातारी असेलच. तिच्याकडे बघणाऱ्या डोळ्यांना आणखी एक निमित्त आपल्या हातून मिळू नये. भुमका हा तर जंगलातल्या गावाचा पुजारी आणि वैदू. रोग्याजवळ रात्र रात्र बसणारा माणूस. म्हणून मी वर तलावाच्या तळाशी बिननावाचं काहीतरी ठेवलं. ते कुणाच्या जातीचं, कुणाच्या पाड्यातलं नाही. आणि मोहात पाडणारा जितका अस्पष्ट, तितका मोहात पडणारा स्पष्ट दिसतो.

अंधार आत शिरतो कुठून, याबद्दल आपल्या विदर्भाच्याच एका गोष्टीकडे पाहा. दमयंती विदर्भाची राजकन्या. महाभारताच्या वनपर्वात तिची आणि नळाची कथा येते. आपण त्यात स्वयंवर आणि हंस लक्षात ठेवतो, पण ती दोन भावांचीही गोष्ट आहे. नळ आणि पुष्कर. पुष्कर द्यूतात नळाचं राज्य जिंकून घेतो. मात्र कली, म्हणजे कलियुगाचा अधिपती, पुष्कराच्या अंगात शिरत नाही. पुष्कराला तो नुसतं भरीला घालतो. शिरतो तो नळाच्या अंगात, म्हणजे चांगल्या भावाच्या. आणि त्यासाठी बाराव्या वर्षापर्यंत टपून बसतो. एका संध्याकाळी नळ पाय न धुता संध्येला बसतो, आणि तेवढ्या फटीतून कली आत जातो. बारा वर्षं वाट आणि एवढीशी चूक! माणूस कसा घसरतो हे मला यापेक्षा नेमकं कुठं वाचायला मिळालेलं नाही. शेवटी नळ राज्य परत जिंकतो तेव्हा पुष्कराला मारत नाही, त्याचा वाटा देऊन घरी पाठवतो. कारण दोष कलीचा होता हे त्याला माहीत आहे, आणि तो कली आपल्या अंगात होता हेही.

तुमच्या कादंबरीचा शेवट कसा करावा हे मी सांगणार नाही, ते तुम्ही कुठवर लिहीत गेलात त्यावर आहे. पण उजास तिमिरला मारणार असेल, तर त्याआधी इतिहासातली एक भावांची लढाई वाचून घ्या. नागपूरकर जानोजी भोसले १७७२ साली गेले. त्यांनी पुतण्याला, म्हणजे भाऊ मुधोजींच्या मुलाला, रघुजीला वारस नेमलं होतं. दुसरे भाऊ साबाजी यांनी गादीवर हक्क सांगितला, आणि जानोजींच्या विधवा दर्याबाई त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. तीन वर्षं हे चाललं. १७७५ साली नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली. साबाजींची सरशी होत होती, मुधोजी घेरले गेले होते, आणि त्याच क्षणी पिस्तुलाची गोळी लागून साबाजी पडले. सांगा, यात काळा कोण? एकजण मुलाच्या हक्कासाठी लढत होता, दुसरा आपल्या. दोघांकडे बोलायला मुद्दा होता, माणसं होती. हरत आलेला भाऊ जिंकला आणि जिंकत आलेला मेला. गादी वाचली ती भावाच्या प्रेतावर. जिंकलेल्याची ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार केल्याशिवाय शेवटचं प्रकरण लिहायला बसू नका.

आता जुळेपणाबद्दल, कारण त्याचा पुरेपूर उपयोग करणारे फार थोडे भेटतात. माझ्या एका नाटकात जुळे भाऊ होते आणि कंपनीला दोन नट परवडत नव्हते, म्हणून एकच नट डबल रोल करायचा. विंगेत जाऊन उपरणं बदलायचं आणि परत यायचं. त्यामुळे दोघं कधी समोरासमोर येऊच शकत नव्हते. मला सगळं भांडण आईमार्फत लिहावं लागलं. एक येतो, आईला बोलून जातो. मग दुसरा येतो. आई उंबऱ्यात उभी. लोकांना उपरण्याचा रंग बघावाच लागत नसे. आईचा हात पदराकडे जातो की पोराच्या डोक्याकडे, यावरून कोण आला ते कळायचं. कंपनीची अडचण होती, पण त्यातून मला एक रीत सापडली ती मी सोडली नाही. जुळ्यांमधला फरक त्यांच्या वर्णनातून सांगू नका, त्यांना ओळखणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या वागण्यातून सांगा. तुमच्या १४० पानांत दोघं समोरासमोर किती वेळा बोलतात ते मोजा. निम्म्याहून जास्त भेटी काढून टाका. मधे आई, गडी, बहीण, म्हातारा बैल, कोणीही ठेवा. ते शेवटी भेटतील तेव्हा वाचकाचा श्वास अडकला पाहिजे.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांचा चेहरा सारखा असतो, पण बोटांचे ठसे सारखे नसतात. आपल्या भागात अंगठ्याला केवढा अर्थ आहे! किती शेतं एका अंगठ्यानं गेली. तिमिर उजासचा चेहरा घेऊन त्याच्या जागी बसू शकतो, दरबार फसेल, बायको फसेल. पण शपथेच्या ओल्या मातीवर अंगठा उठवायची रीत तुमच्या राज्यात असेल तर तिथं तो सापडेल. मात्र 'खरा थोरला कोण हे फक्त सुईणीला माहीत होतं' असलं गुपित शेवटी उघड करून सगळा गुंता सोडवू नका. तसं केलं की भांडण इच्छेचं राहत नाही, नुसतं कागदाचं होतं.

कार्यशाळेत मी एक काम करायला देतो ते तुम्हीही करा. दोघांच्या लहानपणी घरात जी वस्तू एकच होती, तिची यादी करा. एक घोंगडी. एक गोऱ्हा. आईची एक मांडी, कारण दुसरी चुलीकडे. जत्रेतून आणलेली एक बासरी. प्रत्येक वस्तूपुढे लिहा: ती कोणाला मिळाली आणि ज्याला मिळाली नाही त्यानं काय केलं. एकदा एका मुलीनं लिहिलं, 'एकच कंदील होता, मोठा अभ्यास करायचा आणि लहान त्याच्या सावलीत बसायचा.' तिची कादंबरी त्या एका ओळीतून निघाली. राज्याची हाव सिंहासन बघून जन्मत नाही हो, ती अशाच एखाद्या कंदिलापाशी जन्मते. तुमचा तिमिर 'एकदम' बदलतो, कारण तुमच्या पहिल्या प्रकरणात असा कंदील नसावा.

भाषेचं थोडक्यात सांगतो. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, पण वस्तूंची नावं आपलीच ठेवा: बांधी, धुरा, पांदण, बंडी, आखर, पऱ्हे. त्यांचे अर्थ देत बसू नका, वाक्यातून कळतात. संवाद बोलीत लिहा, पण एकाच बोलीत. झाडीत ण आणि ळ नाहीत. तिथं पानी आणि डोरा होतो. वऱ्हाडात तोच डोळा डोया होतो. एकाच आईचा एक मुलगा डोरा म्हणतो आणि दुसरा डोया, असं झालं की आपला वाचक पुस्तक मिटतो. बोलीनं एक काम मात्र मी नेहमी करून घेतो. तिमिर राजधानीत गेला, मोठ्या लोकांत बसायला लागला, की त्याच्या तोंडी 'मले'चं 'मला' होऊ द्या. त्यावर निवेदकानं काही बोलू नये. एके दिवशी तो घरी येतो, 'मला भूक नाही' म्हणतो, आणि आईचा ताट वाढणारा हात थांबतो. एवढं बास. अर्थात प्रमाण बोलणारा वाईट असा अर्थ निघू नये, म्हणून उजासचा गुरुजीही प्रमाण बोलणारा आणि जीव लावणारा असू द्या.

राहिली नावं. भाऊ, कुठलीच आई पाळण्यातल्या लेकराचं नाव तिमिर ठेवत नाही. ते नाव तुम्ही ठेवलं आहे, पुढचं सगळं माहीत असल्यामुळे. वाचकालाही पहिल्या पानावरच कळतं की हा बिघडणार, आणि मग तो त्याच्यावर जीव टाकत नाही. आपल्याकडे जुळ्यांची नावं जोडीनं ठेवतात, राम-लखन, लव-कुश अशी. तुम्ही अशी दोन नावं घ्या की कोणतं कोणाचं हे आईचंही चुकावं. गावानं पुढं एकाला दुसरं काही नाव पाडलं तर ते गावाचं.

आता जुनी १४० पानं फाडू नका, पण बाजूला ठेवा. आधी त्या कोरड्या सालाची रात्र लिहा, आणि ती उजासच्या बाजूनं लिहा: अंथरुणात एक जागा रिकामी आहे, बाहेर कुत्री भुंकत नाहीत, आणि तो उठत नाही. बारा-पंधरा पानं होतील. ती झाली की मला पाठवा, मी मनापासून वाचीन. फक्त भाऊबीजेच्या आधी पाठवा. एकदा मंडया सुरू झाल्या की होळीपर्यंत माझ्या रात्री मंडपातच जातात.